मागच्या सीटवरची मळमळ

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरहून वेरूळ जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर. जालना रोडला लागायचं, क्रांती चौक ओलांडायचा, नगर नाका आणि छावणी मागे टाकायची, दौलताबादच्या किल्ल्याला वळसा घालत दिल्ली दरवाज्याच्या बोळातून घाट चढून खुलताबाद गाठायचं आणि पलीकडे उतरलं की घृष्णेश्वर. गारखेडा, पुंडलिकनगर, सिडको या पट्ट्यातल्या घरांसाठी ही ठरलेली सहल आहे. श्रावणात, मे महिन्याच्या सुट्टीत, पाहुणे आले की हमखास. आणि एवढ्याशा रस्त्यावरही किल्ल्यामागच्या चढाला एखाद्या गाडीतलं मूल अचानक गप्प होतं. जांभया देऊ लागतं, तोंडात लाळ जमते, कपाळ घामेजतं, ओठ पांढरे पडतात, आणि चालवणाऱ्याला घाईघाईने कडेला थांबावं लागतं. मग सुरू होणारी चौकशी सगळी पोटाची असते. सकाळी काय खाल्लं, दूध कुणी दिलं, निघताना वडापाव कशाला चारला. पुढच्या वेळी त्या मुलाला उपाशी बसवलं जातं, हातात पिशवी दिली जाते, आणि नातेवाइकांत त्याची ओळख पक्की होते: याला गाडी लागते. ही चौकशी चुकीच्या ठिकाणी चाललेली असते. गाडी लागणं हा पोटाचा विकार नाही. मूल कुठे बसलं आहे, तिथून त्याला काय दिसतं आणि पुढचा माणूस गाडी कशी चालवतो, यावर त्याचा बराचसा हिशेब ठरतो. आणि मोठेपणीही जे उरतं, त्यात त्या लहानपणीच्या प्रवासांच्या आठवणीचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा मोठा असतो.

सुरुवात कानापासून करावी लागते. ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच, कवटीच्या हाडात, तोल सांभाळणारं एक इंद्रिय असतं. त्यात एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. भरलेली कळशी झटकन फिरवली तर कळशी फिरते, पाणी क्षणभर मागे राहतं. डोकं वळलं की नलिकांमधला द्रव तसाच मागे राहतो आणि तिथल्या केसांसारख्या पेशी वाकून मेंदूला वळण कळवतात. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये चुन्याचे अतिसूक्ष्म खडे एका चिकट थरावर बसलेले असतात. गाडीने वेग घेतला, ब्रेक लागला किंवा डोकं कललं की ते सरकतात. ही यंत्रणा डोळ्यांशी, मानेच्या आणि पायांच्या स्नायूंशी सतत ताळा जुळवत असते. चालताना तो जुळतो. पण घाटात मागच्या सीटवर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर पुढच्या सीटची पाठ असते आणि ती त्याच्यापुरती जागची हलत नाही. डोळे म्हणतात आपण स्थिर आहोत, कान म्हणतो आपण डावीकडे फेकले जातोय. जेम्स रीझन आणि जे. जे. ब्रँड या ब्रिटिश संशोधकांनी १९७५ साली आपल्या पुस्तकात या विसंगतीचा सविस्तर सिद्धांत मांडला आणि आजही बहुतेक संशोधन त्याच्याच आधाराने किंवा त्याच्याशी भांडत चालतं.

कानाचा यात किती हात आहे, याचा सर्वांत ठोस पुरावा अमेरिकेच्या नौदलाने आणि पुढे नासाने केलेल्या प्रयोगांतून आला. १९५८पासून सुमारे दहा वर्षं वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयाशी संबंधित अकरा कर्णबधिर पुरुषांवर ते चालले. यांतल्या बहुतेकांना लहानपणी मेंदूज्वर झाला होता आणि श्रवणाबरोबर तोलाचं इंद्रियही निकामी झालं होतं. त्यांना फिरत्या खोलीत दिवसच्या दिवस ठेवलं, वजनरहित अवस्था निर्माण करणाऱ्या विमानांतून नेलं, कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियाजवळ खवळलेल्या समुद्रात बोटीतून फिरवलं. बोटीवर संशोधकच इतके आजारी पडले की प्रयोग आवरता घ्यावा लागला. हे अकरा जण मात्र मजेत पत्ते खेळत होते. त्यांची पोटं इतरांसारखीच होती, जेवणही तेच. नव्हतं ते फक्त कानातलं तोलाचं इंद्रिय.

इथे एक चांगला आक्षेप घेता येतो. भांडण डोळे आणि कान यांचं असेल, तर दृष्टिहीन माणसाला गाडी लागायला नको. प्रत्यक्षात लागते. म्हणजे सिद्धांत तितका सोपा ठेवून चालत नाही. मेंदू नुसती डोळ्यांची आणि कानाची बातमी शेजारी-शेजारी ठेवत नाही; पुढच्या क्षणी काय होणार याचा तो आधीच अंदाज बांधत असतो आणि त्या अंदाजाशी कानाची बातमी ताडून बघतो. अंदाज सतत चुकत राहिला की मळमळ सुरू होते. डोळे हे अंदाज बांधण्याचं सर्वांत सोयीचं साधन, एकमेव नव्हे. आक्षेप स्वीकारून सिद्धांत असा दुरुस्त केला की एक जुनं कोडंही सुटतं: घाटातही चालकाला सहसा काही का होत नाही? रोलनिक आणि ल्युबो या संशोधकांनी १९९१ साली लोकांच्या जोड्या करून एकाच वेळी फिरवल्या. दोघांना फिरणं तेच, डोक्याची हालचाल तीच, पण फिरण्याचा ताबा जोडीतल्या एकाकडेच. ज्याच्याकडे ताबा होता त्याला कमी त्रास झाला. वळण कधी येणार आणि ब्रेक कधी लागणार हे चालकाला आधी ठाऊक असतं, कारण तोच ते करत असतो. मागच्या सीटवरच्या सात वर्षांच्या मुलाला यातलं काहीच ठाऊक नसतं. कुटुंबाच्या गाडीत ज्याच्या हातात सगळं असतं त्याला त्रासाचा पत्ता नसतो आणि ज्याला त्रास होतो त्याच्या हातात काही नसतं, हे गाडी लागण्याविषयीचं मला सर्वांत बोलकं सत्य वाटतं.

आता रस्त्याकडे. मराठवाड्यात कुणालाही विचारा, गाडी लागण्याचं खापर खड्ड्यांवर फुटेल. ते अर्धंच खरं आहे. ओ'हॅन्लन आणि मॅकॉली या संशोधकांनी १९७४ साली वर-खाली हलणाऱ्या बंद कक्षात माणसांना बसवून मोजलं, तेव्हा सर्वांत जास्त मळमळ सेकंदाला सुमारे ०.२ आवर्तनांच्या हालचालीने झाली. म्हणजे पाच सेकंदांत एक पूर्ण हेलकावा, मोठ्या लाटेवरच्या बोटीसारखा. त्याहून खूप जलद हादऱ्यांनी पाठ दुखते, दात वाजतात, पण मळमळत नाही. रस्त्यावर हे संथ हेलकावे बहुधा आडवे असतात, डावी-उजवीकडचे, किंवा वेग वाढवण्या-घटवण्यातून येणारे. हिशेब करून बघा. घाटात गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली तर सेकंदाला ११ मीटर जाते. दर पन्नास मीटरला एक वळण उलटसुलट येत असेल, तर डावं-उजवं मिळून शंभर मीटर आणि नऊ सेकंद. कन्नडचा औट्रम घाट, अजिंठ्याहून फर्दापूरकडे उतरणारा रस्ता, खुलताबादहून म्हैसमाळचा चढ, या सगळ्यांवर गाडी नेमकी अशा संथ लयीत झुलते. खड्डा मात्र क्षणार्धाचा धक्का असतो. मग खड्ड्यांच्या रस्त्यावर मुलं आजारी पडतात ती का? कारण चालक खड्डे चुकवतो. उजवीकडे काढतो, डावीकडे घेतो, करकचून ब्रेक दाबतो, पुन्हा पळवतो. खड्ड्याने नाही पण खड्डा चुकवण्याने पाच-दहा सेकंदांचा तोच हेलकावा तयार होतो. गारखेड्याच्या चौकाचौकांतून, गतिरोधकांवरून, रिक्षांच्या मधून वाट काढत शहराबाहेर पडेपर्यंत काही मुलांचं अर्धं काम झालेलं असतं. घाट फक्त शेवटचा हात फिरवतो.

जागेबद्दलचा पुरावा तर आकड्यांत आहे. टर्नर आणि ग्रिफिन या ब्रिटिश संशोधकांनी भाड्याच्या बसमधल्या ३२५६ प्रवाशांची पाहणी १९९९ साली प्रसिद्ध केली. २८ टक्क्यांहून अधिक प्रवाशांना अस्वस्थ वाटलं, सुमारे १३ टक्क्यांना मळमळलं आणि प्रत्यक्ष उलटी झाली ती दोन टक्क्यांहूनही कमी जणांना. आपण उलटीच मोजतो आणि बाकीच्यांना ठीक समजतो, म्हणून पहिले दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे. पण त्यांचा खरा निष्कर्ष पुढचा आहे. पुढचा रस्ता अजिबात न दिसणाऱ्यांपैकी ३४.६ टक्क्यांना त्रास झाला. तो उत्तम दिसणाऱ्यांपैकी १२.७ टक्क्यांना. जवळजवळ तिपटीचा फरक नुसत्या नजरेचा. शिवाय बसमध्ये पुढून मागे जावं तसे आडवे हेलकावेही वाढत गेले आणि त्रासही.

हे आपल्याकडच्या वाहनांना लावून बघितलं की लहानपणीच्या प्रवासांचं बरंच गूढ उकलतं. १९८३च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली; त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं मराठवाड्यातल्या बहुतेक कुटुंबांचा मोटारप्रवास म्हणजे एसटी, लग्नकार्याला ठरवलेली जीप, नाहीतर काळी-पिवळी. जीपच्या मागच्या भागात समोरासमोर दोन आडवी बाकडी, त्यांवर मोठी माणसं दाटीने, आणि मुलं कुणाच्या तरी मांडीवर किंवा सामानावर. आडवं बसलेल्या मुलाला पुढे चालकाची मान दिसत नाही, बाजूला ताडपत्री, समोर मावशीची साडी. गाडी पुढे जाते ती त्याच्या दृष्टीने कडेला. प्रयोगशाळेत मळमळ निर्माण करायची असती तर यापेक्षा चांगली मांडणी सुचली नसती. एसटीत मुलांचं नशीब थोडं बरं, खिडकीशी जागा मिळाली तर; पण गर्दीत वाट्याला यायचा तो बहुधा मागच्या चाकांमागचा शेवटचा बाक. आणि पुढच्या सीटवर, जिथून रस्ता सर्वांत स्वच्छ दिसतो, तिथे मानाने बसायचे घरातले वडीलधारे. वयानुसार बसण्याचा हा क्रम गाडी लागण्याच्या शास्त्राच्या बरोबर उलटा आहे.

लहान मुलांनाच हा त्रास जास्त का, याचंही एक उत्तर इथेच आहे. दोन वर्षांखालच्या बाळांना गाडी क्वचितच लागते. सहा-सात वर्षांपासून प्रमाण वाढतं, बारापर्यंत टिकतं आणि पौगंडावस्थेत ओसरू लागतं. वाढत्या वयात मेंदू तोलाचे हिशेब नव्याने बसवत असतो, हे एक कारण असावं. दुसरं अगदी साधं, उंचीचं: आठ वर्षांच्या मुलाची नजर काचेच्या खालच्या कडेपाशी येते, त्याला आकाश आणि झाडांचे शेंडे दिसतात, रस्ता नाही. त्यात हातात पुस्तक. पूर्वी 'किशोर' किंवा 'चांदोबा', आता मोबाइल. जवळच्या अक्षरांवर नजर खिळवली की डोळे कानाच्या मदतीला येणं पूर्णच थांबतं.

एकाच सीटवर बसलेल्या दोन भावंडांपैकी एकालाच का लागते, हा आक्षेप मात्र टाळता येत नाही, आणि टाळूही नये. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की या प्रवृत्तीतला निम्म्याहून अधिक फरक आनुवंशिक असतो. २०१५ साली ऐंशी हजारांवर लोकांच्या जनुकीय माहितीतून तिच्याशी संबंधित ३५ जागा सापडल्या. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त त्रास होतो, अर्धशिशी असणाऱ्यांना त्याहून जास्त. घरात आई-आजीला अर्धशिशी असेल आणि मुलाला गाडी लागत असेल, तर दोन्हींचा संबंध असू शकतो हे डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. तेव्हा प्रवृत्ती जन्मजात असते, हे मान्य. पण प्रवृत्ती म्हणजे त्रास नव्हे. त्याच ब्रिटिश पाहणीत जागेने तिपटीचा फरक पडला, आणि जनुकं बदलता येत नाहीत, जागा येते. जन्मजात आहे म्हणून पिशवी हातात देऊन गप्प बसायचं, हा त्या पुराव्यातून निघणारा निष्कर्ष नाहीच. धीटपणाचा तर इथे काडीचा संबंध नाही. चार्ल्स डार्विन 'बीगल'वर १८३१पासून पाच वर्षं समुद्र लागून हैराण होता. ब्रिटिश आरमाराचा नायक नेल्सन यालाही समुद्र लागायचा. आणि १९६१च्या ऑगस्टमध्ये अंतराळात उलटी करणारा पहिला माणूस गेरमान तितोव हा निवडून-पारखून घेतलेला लढाऊ वैमानिक होता.

मुळात हालचालीच्या गोंधळाने उलटी का व्हावी? १९७७ साली मिशेल ट्रीझमन या संशोधकाने मांडलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. विष पोटात गेलं की सर्वांत आधी डोळे-कानांचा ताळा बिघडतो. म्हणून ताळा बिघडला की विष गेलं असं समजून पोट रिकामं करायची सवय उत्क्रांतीने लावली असावी. १९८३च्या एका प्रयोगात तोलाचं इंद्रिय काढून टाकलेल्या कुत्र्यांना काही विषं देऊनही उलटी नीट झाली नाही, हा त्याला मिळालेला आधार. कल्पना डौलदार आहे, पण मला ती पुरती पटत नाही. गाडीतली मळमळ चढायला बऱ्याचदा वीस-तीस मिनिटं लागतात. खरं विष असतं तर इतक्या वेळात ते रक्तात भिनलं असतं. काही असो, आपल्या मुद्द्यासाठी एवढं पुरे की हुकूम मेंदूचा आणि पोट फक्त तामील करतं. याचा मोजता येणारा पुरावाही आहे. स्वस्थ माणसाच्या जठराच्या विद्युतलहरी मिनिटाला सुमारे तीन असतात. डोळ्यांसमोर पट्ट्यांचा पिंप फिरवून खुर्चीवर स्थिर बसलेल्या माणसांना मळमळ आणली, की त्या चारपासून नऊपर्यंत जातात. पोटात काहीही गेलेलं नसताना.

मग वड्याचा काहीच दोष नाही? थोडा आहे. तेलकट आणि भरपूर खाऊन निघालं तर त्रास वाढतो, आणि पूर्ण उपाशी निघालं तरी वाढतो. हलकं काही खाऊन निघणं उत्तम. पण घरच्यांना वड्यावर संशय येतो तो उलटीत वडा दिसतो म्हणून. उपाशी मुलालाही मळमळ होतेच, फक्त कोरड्या ओकाऱ्या येतात आणि त्या जास्त क्लेशकारक असतात.

आता आठवणीचा भाग. ज्यांना लहानपणी गाडी लागायची, त्यांना त्या प्रवासातलं कैलास लेणं फारसं आठवत नाही, वास आठवतात. डिझेलचा, उन्हात तापलेल्या रेक्झिनचा, डॅशबोर्डवरच्या देवापुढच्या उदबत्तीचा, लिमलेटच्या गोळीचा. यामागे शिकण्याचा एक खास प्रकार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी १९५५ साली उंदरांना गोड पाणी पाजून मग त्यांच्यावर किरणांचा मारा केला, त्याने ते आजारी पडले, आणि नंतर त्यांनी ते गोड पाणी टाळलं. एरवी असं काही शिकवायला पुनःपुन्हा सराव द्यावा लागतो. इथे एकच अनुभव पुरला, आणि चव व आजारपण यांत तासाभराचं अंतर असलं तरी चाललं. १९६६च्या प्रयोगात गार्सिया आणि कोलिंग यांना आढळलं की मळमळीशी उंदीर चवच जोडतात. प्रकाश-आवाज जोडतात ते विजेच्या झटक्याशी. म्हणजे मळमळीची आठवण नाका-जिभेवाटे बसते, झटपट बसते आणि सहजी पुसत नाही. माणसात हे किती दूर जातं, ते केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांकडून कळतं. औषध चढायच्या आधीच, रुग्णालयाच्या वासाने काहींना मळमळू लागतं. घाटात एकदा उलटी झालेल्या मुलाला पुढच्या खेपेला गाडीचं दार उघडताच कसंसं होतं, ते याच वाटेने. ते नाटक करत नसतं. आणि आरशाला टांगलेला उग्र सुगंध, जो बिचारे पालक वास मारण्यासाठी आणतात, तोच पुढे मळमळीची वर्दी देणारा ठरतो.

वासाच्या जोडीला येतो तो शिक्का. डोव्ह ईडन आणि याकोव्ह झुक या संशोधकांनी इस्रायली नौदलाच्या छात्रांपैकी काहींना सफरीपूर्वी सांगितलं की तुम्हाला समुद्र लागण्याची शक्यता कमी आहे, आणि लागला तरी तुमच्या कामावर परिणाम होणार नाही. बाकीच्यांना असं काही सांगितलं नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पहिल्या गटाला त्रास कमी झाला आणि त्यांचं काम वरिष्ठांनी सरस ठरवलं. आपल्या घरांत नेमकं उलटं सांगितलं जातं. निघायच्या आधीच पिशव्या मोजल्या जातात, दर दहा मिनिटांनी 'मळमळतंय का रे?' विचारलं जातं, मामे-चुलत भावंडं नाक दाबतात. यावर कुणी म्हणेल, बघा, म्हणजे शेवटी हा मनाचाच खेळ. नाही. मनाचा खेळ असता तर नोव्हा स्कॉशियाच्या बोटीवर कर्णबधिर आणि संशोधक यांच्यात फरक पडला नसता. मूळ त्रास कानातून सुरू होतो. अपेक्षा त्याला वाढवते किंवा कमी करते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि पाठीच्या दुखण्यापासून दम्यापर्यंत बऱ्याच आजारांत ते तसं असतं.

'सवयीने जातं' हा आणखी एक दावा, आणि तो बराच खरा आहे. खलाशांचं शरीर बहुधा दोन-चार दिवसांत सरावतं. पण सराव सलग लागतो. रोज व्हॅनने शाळेत जाणारं मूल त्या प्रवासाला सरावतं. वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि मे महिन्यात, आजोळी जाणारं मूल सरावत नाही. त्याच्या दोन प्रवासांत सराव विसरायला सहा महिने मिळतात, मळमळीची आठवण मात्र टिकते. वर्षाकाठच्या मोठ्या प्रवासांवर वाढलेल्या पिढ्यांना गाडी लागण्याचा एवढा धसका का, हे यातून समजतं.

घरगुती उपायांचा निवाडा झटपट करता येईल. सीटवर वर्तमानपत्र पसरून त्यावर मुलाला बसवण्यात मला काही कारण दिसत नाही, धीर मिळत असेल तेवढाच. लिंबू हुंगायला देण्यात थोडं तथ्य असू शकतं; २०१५च्या एका जर्मन प्रयोगात पडद्यावरच्या हालचालीने आलेली मळमळ गुलाबाच्या आवडत्या वासाने कमी झाली. आलेपाक आणि सुंठ यांचा पुरावा दोन्ही बाजूंचा आहे: १९८२च्या एका चाचणीत आलं गोळीपेक्षा सरस ठरलं, नंतरच्या काही चाचण्यांत काहीच फरक दिसला नाही. निदान अपाय नाही. गोळ्यांचा जन्मच एका योगायोगातून झाला: १९४७ साली बाल्टिमोरमध्ये अंगावर पित्त उठणाऱ्या एका गरोदर बाईला ॲलर्जीचं नवं औषध दिलं, तर नेहमी ट्राममध्ये होणारी तिची मळमळच थांबली. आपल्याकडे मिळणारी प्रोमेथाझिन याच कुळातली. ती निघण्यापूर्वी घ्यायची असते, कारण मळमळ सुरू झाल्यावर जठराची हालचाल मंदावते आणि गोळी तशीच पडून राहते. गुंगी आणते, आणि दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. घरात पडून असलेली ऑन्डान्सेट्रॉन, जी इतर उलट्यांवर हुकमी चालते, ती गाडी लागण्यावर मात्र विशेष उपयोगाची ठरलेली नाही. पोटावर काम करणारं औषध इथे चुकतं आणि मेंदूवर काम करणारं चालतं, हा माझ्या मुद्द्याला मिळालेला आणखी एक साक्षीदार समजा.

जागा बदला म्हटल्यावर सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा येतो, आणि तो बिनतोड आहे. मुलाला पुढे बसवणं धोक्याचं. एअरबॅग प्रौढाच्या अंगकाठीला बेतलेली असते, आणि २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन सक्तीचं केलं आहे, नाहीतर हजार रुपये दंड. त्यामुळे कुणाच्या मांडीवर बसवून 'पुढचं दाखवणं' हा उपाय बाद. पण मागेही सगळ्या जागा सारख्या नसतात. मधल्या सीटला खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा असेल आणि मुलाला उंची देणारं आसन बसत असेल, तर तिथून दोन सीटांच्या फटीतून समोरचा रस्ता दिसतो. तो पट्टा नसेल तर खिडकीची जागा, तीही उंच आसनावर. खरा बदल मात्र चालकाने करायचा असतो: वळणाआधी वेग उतरवून ठेवायचा, वळणात ब्रेक नाही, पुढच्या वाहनाला चिकटायचं नाही, आणि वळण येण्याआधी मोठ्याने सांगायचं. मुलाला आगाऊ कळलं की त्याच्या मेंदूचा अंदाज चुकत नाही.

रस्तेच सुधारले की हा प्रश्न आपोआप मिटेल, असं वाटणं साहजिक आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग या शहराला खेटून जातो. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे मुंबईकडे जाताना कसारा घाट लागत नाही. दूरदूरची वळणं, एकसारखा वेग. सिद्धांत खरा असेल तर इथे मुलांना कमी त्रास व्हायला हवा. पण त्याच काळात मुलांच्या हातात टॅब आला आणि सरळ रस्त्यावर तो चार-पाच तास खाली ठेवला जात नाही. दुसरा बदल गाडीतच होतो आहे. विजेच्या मोटारीत पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की मोटर उलट काम करून बॅटरी भरते आणि गाडी आपोआप मंदावते. चालकाला ते आपल्या पायातून कळतं, मागच्याला मात्र ना ब्रेकची चाहूल लागते, ना वेग बदलल्याचं सांगणारा इंजिनाचा आवाज ऐकू येतो. शहरातल्या रहदारीत यातूनही पाच-दहा सेकंदांचा तोच हेलकावा तयार होतो, यावेळी पुढे-मागे. बहुतेक विजेच्या गाड्यांत या आपोआप मंदावण्याची पातळी चालकाला कमी-जास्त करता येते. मागे मुलं असतील तर ती सर्वांत कमीवर ठेवावी.